निंबोळीचा युरिया कुणी अडवला?



युरियाला निंबोळी पेंड चोळायची, हे तुमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक होतं. निंबोळीच्या कडवटपणानं जमिनीतले जिवाणू मंदावतात, अमोनियाचं नायट्रेट सावकाश होतं आणि नत्र कपाशीच्या, ज्वारीच्या मुळाशी जास्त दिवस टिकतं. नाही तर पैसा तुमचा, आणि नत्र पावसाच्या पाण्याबरोबर खाली झिरपून विहिरीत.

मग कारखान्यातूनच लेप लावून का येत नव्हता? तंत्र तर तयार होतं. पण २००८ साली सरकारनं घातलेली मर्यादा होती, उत्पादनाच्या २० टक्के. २०११ ला ती ३५ टक्के झाली. युरियाचा भाव सरकारनं बांधलेला, लेपासाठी त्यावर फार तर ५ टक्के जास्त. चांगला माल जास्त काढू नका, असं सांगणारं सरकार! २०१५ मध्ये त्याच दिल्लीनं देशातल्या सगळ्या युरियाला लेप सक्तीचा केला. (अनुदानाचा युरिया प्लायवूडच्या कारखान्यांत जात होता, तोही थांबवायचा होता.)

विहिरीचं पाणी राखायला कायदा हवाच, मी त्याच्या विरोधात नाही. पण २०१० मध्ये स्फुरद-पालाशाचं अनुदान अन्नद्रव्यावर बेतलं, तेव्हा युरिया त्यातून वगळला. तो स्वस्त राहिला, म्हणून तोच जास्त पडतो. २०१८ ला गोणी ५० ची ४५ किलोची झाली; आपण गोण्याच मोजतो, म्हणून.

लेप असला तरी कोरड्यात फेकू नका. ओल बघून टाका आणि लगेच डवरा फिरवा.