तेलाने केस आले, की येणारच होते?

आजचा भाग कफ परेडच्या मच्छीमार नगरमधून. मध्येच होडीच्या इंजिनाचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

इथे बोलायला सुरुवात केली आणि एका मुलीने लगेच अडवलं. "ताई, रील बघून तेल मागवलं. दोन महिन्यांत केस आले. मग फसवणूक कसली?"

प्रश्न रास्त आहे. मी विचारलं, गळायच्या आधी आजारी होतीस का? म्हणाली, हो, डेंग्यू झालेला.

आता हिशोब बघा. डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण, उपाशी राहून केलेलं डाएट, असा काही धक्का बसला की डोक्यावरचे बरेच केस एकदम विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. डॉक्टर याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. बहुतेकांची ही गळती साधारण सहा महिन्यांत आपली आपण थांबते. आपण तेल कधी मागवतो? कंगव्यात पुंजका दिसला की! म्हणजे गळती सगळ्यात जास्त असते तेव्हा, थांबायच्या तोंडावर. केस शरीराने आणले, नाव तेलाचं झालं. मग ती पाच मैत्रिणींना सांगते, अगदी मनापासून. ज्यांना फरक पडला नाही त्या गप्प बसतात. लोक मूर्ख असतात म्हणून फसतात, हे मला म्हणूनच पटत नाही.

खऱ्या औषधाचं नेमकं उलटं होतं. अनुवंशिक टक्कल असेल तर डॉक्टर मिनॉक्सिडिल देतात. त्याने पहिले काही आठवडे केस जास्तच गळू शकतात, आणि फरक दिसायला चार-सहा महिने जातात. केस वाढतोच महिन्याला जेमतेम 1 सेंटीमीटर. दुसऱ्या महिन्यात बाटली कचऱ्यात, आणि परत रील.

कायदा आहे बरं का. 1945 च्या औषध नियमांमध्ये 'शेड्यूल जे' नावाची यादी आहे. टक्कल बरं करतो, नवे केस उगवतो, त्वचा गोरी करतो, असा दावा कुठल्याच औषधाला करता येत नाही. म्हणून बाटलीवर नुसतं 'पोषण' लिहितात. बाकीचं आधीचा-नंतरचा फोटो बोलतो.

तेलात निदान पैसेच जातात. क्रीमचं तसं नाही. आई उन्हात, खाऱ्या वाऱ्यात मासळी विकून घर चालवते, आणि मुलीचं लग्न ठरताना विचारतात काय, तर रंग! हळद महिन्यावर आली की कुणीतरी बिनलेबलची डबी आणून देतं. आणि दहा दिवसांत चेहरा खरंच उजळतो. भीती तिथेच आहे. अशा काही क्रीममध्ये पारा असतो. पारा त्वचेतला रंग तयार होऊ देत नाही, पण त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडावर बसतो. 2023 मध्ये अकोल्याची बातमी आली होती. बायोटेक शिकणारी मुलगी, तिची आई आणि बहीण, तिघींनी ब्युटीशियनकडचं एकच क्रीम लावलं, आणि तिघींच्या किडन्या बिघडल्या. त्या क्रीममधला पारा सापडला तो आपल्या परळच्या केईएममध्ये. शिकलेली मुलगी होती हो. तिला फरक दिसत होता, म्हणूनच लावत राहिली.

लावणं थांबवलं की चेहरा पुन्हा काळवंडतो, म्हणून बायका परत डबी उघडतात. तुम्ही सध्या असं काही लावत असाल तर आजच थांबवा, पण डबी फेकू नका. डॉक्टरकडे जाताना सोबत न्या. सकाळी डोळ्यांखाली किंवा पायावर सूज दिसत असेल, लघवीला फेस येत असेल, तर ते आधी सांगा. लघवीतल्या प्रोटीनची तपासणी साधी असते, सरकारी दवाखान्यातही होते. घरात तीच डबी आणखी कोण वापरतंय तेही विचारा. अकोल्यात तिघी होत्या.