मासा उलटा झालाय, पण मेला नाहीये

सोलापुरात ऊन तापलंय, पंखा बंद करून रेकॉर्ड करतोय, त्यामुळे आवाजात घाम ऐकू आला तर समजून घ्या.

तर गोष्ट मागच्या उन्हाळ्याची. रविवारी सकाळी धाकट्या बहिणीने हाक मारली, "दादा, लाडू उलटा झालाय रे!" लाडू म्हणजे तिचा गोल्डफिश. केशरी, गोलमटोल, शोकेसवरच्या काचेच्या बाऊलमध्ये राहणारा. बघतो तर पोट वर. खाली जायला धडपडतोय आणि बुचासारखा परत वर येतोय. आई हळूच म्हणाली, "गेला वाटतं." पण कल्ले हलत होते. बहीण रडायच्या बेतात.

मी काय केलं? दुकानात गेलो, त्यांनी निळ्या औषधाची बाटली दिली, आणून थेंब टाकले. पाणी निळं झालं, मासा उलटाच. नंतर कळलं, ते मिथिलीन ब्लू. बुरशीवगैरेसाठी वापरतात. लाडूचा आजारच वेगळा होता.

माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, पुस्तकात तिला वाताशय म्हणतात. तिच्या जोरावर मासा पाण्यात हवा तिथे तरंगत थांबतो. गोल्डफिशमध्ये ही पिशवी अन्ननलिकेला एका बारीक नळीने जोडलेली असते. आणि त्याला जठर नसतं, खाल्लेलं थेट आतड्यात. आता कोरडे दाणे वर तरंगतायत, मासा ते हवेसकट गिळतोय, दाणे आत जाऊन फुगतायत. आतडं फुगलं की पिशवीवर दाब, आणि तोल गेला. त्यात लाडूसारखे गोल मासे माणसानेच शेकडो वर्षं निवडून निवडून तसे केलेत. लांबट अंगाचे अवयव अंड्याएवढ्या जागेत कोंबलेले. त्यांना हा त्रास जास्त.

पण खरा घोळ पाण्याचा होता, आणि तो अगदी सोलापुरी घोळ आहे.

आपल्याकडे उजनीचं पाणी शंभर किलोमीटरहून लांबून येतं, आणि नळाला येतं काही दिवसांआड. त्यामुळे घरात पाणी मोजून. माशाचं पाणी कोण बदलणार? आम्ही दोन-दोन आठवडे बदलत नव्हतो. मासा कल्ल्यांमधून अमोनिया सोडतो, उरलेलं खाणं कुजून आणखी अमोनिया. तो दिसत नाही. पाणी आरशासारखं स्वच्छ दिसेल आणि आत विष असेल. पाणी जितकं गरम तितका अमोनिया जास्त घातक, आणि प्राणवायू कमी. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलीग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसातच.

मग पाणी सुटलं की आम्हाला उत्साह! हौद भरा, पिंप भरा, आणि "चला, माशाचं पण करून टाकू" म्हणत सगळं पाणी ओतून नळाचं ताजं, क्लोरीनवालं पाणी भरायचं. दोन दिवसांपूर्वी मी नेमकं हेच केलं होतं. म्हणजे लाडूला उलटा करणारा मीच. हे बहिणीला सांगायला मला आठवडा लागला.

गंमत बघा, ज्याची आपण तक्रार करतो ते साठवलेलं पाणीच माशाला बरं. उघड्या बादलीत एक दिवस ठेवलं की साधा क्लोरीन बराचसा उडून जातो. घाई असेल तर अँटी-क्लोरीनचे थेंब मिळतात, स्वस्त असतात.

मग आम्ही लाडूला मोठ्या टबात हलवलं, सावलीत. रोज पाव भाग पाणी काढून तेवढंच साठवलेलं, त्याच तापमानाचं घालायचं. छोटा एअर पंप लावला. दोन दिवस खाणं पूर्ण बंद. बहीण म्हणाली, "उपाशी मरेल बे!" नाही मरत, गोल्डफिश दोन-तीन दिवस आरामात काढतो. तिसऱ्या दिवशी मटारचा एक दाणा, बिनमिठाचा उकडलेला, साल काढून, बारीक तुकडे करून, हातानेच तोंडाजवळ. मटार बद्धकोष्ठ मोकळं करायला बरा. पाणी खराब असेल तर मटाराचा डोंगर घातला तरी उपयोग नाही, हे लक्षात ठेवा.

आणि प्लीज, माणसांच्या अँटिबायोटिकची कॅप्सूल फोडून पाण्यात टाकू नका. खवले पाइनकोनसारखे उभे राहिले, अंगावर जखमा दिसल्या, तर जवळच्या पशुवैद्यकाला फोन करून विचारा, मासे बघता का. बघणारे कमी आहेत, पण विचारायला काय जातं. अजून एक, "सोडून देऊ, बिचारा मोकळा होईल" म्हणून कंबर तलावात किंवा सिद्धेश्वर तलावात नेऊन सोडू नका. आजारी मासा तिथे मोकळा होत नाही, आणि जगलाच तर तलावातल्या माशांना त्रास.

पाचव्या दिवशी लाडू सरळ झाला. म्हणजे, जवळजवळ. थोडा डावीकडे कलतो अजून, रिकाम्या बसमध्ये कोपऱ्यात टेकून बसल्यासारखा. काहींचा तोल कायमचा जातो, पण खातोय, फिरतोय तर तो जगतो. आता बाऊल गेला, 80 लिटरची जुनी टाकी आणली. दाणे आधी भिजवून देतो. फिल्टरचा स्पंज नळाखाली धूत नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळतो, कारण अमोनिया पचवणारे जिवाणू त्यातच राहतात. गोल्डफिश नीट ठेवला तर 10-15 वर्षं सहज जगतो. इंग्लंडमधला टिश नावाचा एक तर 43 वर्षं जगला.

बाथरूमच्या दाराशी आता दोन बादल्या कायम भरलेल्या असतात. बहिणीने त्यांवर मार्करने लिहिलंय, "लाडूचं पाणी, हात लावायचा नाही." काल पाहुण्यांनी त्यातल्या एकीने पाय धुतले. घरात काय झालं ते पुढच्या भागात सांगतो.