‘शतायुषी भव’ या आशीर्वादाचा अर्थ
(हीरक महोत्सवी वर्षातील आजी-आजोबा मेळाव्यात झालेल्या भाषणाचा लेखी पाठ)



१९६२ या एकाच वर्षी भारताने दोन शतायुषी पुरुष गमावले. एप्रिल महिन्यात याच बेंगळुरू नगरीत सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे निधन झाले आणि ९ नोव्हेंबरला पुण्यात महर्षी धोंडो केशव कर्वे निवर्तले. दोघांनीही शंभरी ओलांडली होती. दोघांनाही भारतरत्न लाभले होते; एकाला १९५५ साली, दुसऱ्याला १९५८ साली. टपाल खात्याने दोघांचीही तिकिटे त्यांच्या हयातीतच काढली; कर्व्यांचे १९५८ मध्ये आणि विश्वेश्वरय्यांचे १९६० मध्ये. विश्वेश्वरय्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यात घेतले आणि खडकवासल्याच्या धरणावर १९०३ साली स्वयंचलित दरवाजे बसवले तेही त्यांनीच. म्हणजे पुणे आणि बेंगळुरू या दोन शहरांमधला ऋणानुबंध रोजच्या विमानफेऱ्यांच्या कितीतरी आधीचा आहे.

अशा माणसांची आठवण काढायची म्हणजे नेमके काय करायचे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. तिकीट, पुतळा, पदवी आणि जयंती यांवर ती आठवण संपते का?

वाकून नमस्कार करणाऱ्याला ‘शतायुषी भव’ म्हणण्याची रीत जुनी आहे. साठी झाली की शांत करतात, पंचाहत्तरी साजरी होते, आणि एक्याऐंशीच्या सुमारास सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा होतो. हजार पौर्णिमा पाहायला साधारण ऐंशी वर्षे आणि दहा महिने लागतात. विद्यार्थ्यांनी साडेएकोणतीस दिवसांचा चांद्रमास धरून हा हिशेब घरी करून पाहावा. साठ संवत्सरांचे चक्र पुरे झाले म्हणून शाळेचाही आज उत्सव आहे. मात्र या सर्व सोहळ्यांत एक गोष्ट कुणी मोठ्याने बोलत नाही. हजार पौर्णिमा पाहणाऱ्या माणसाने तेवढ्याच अमावास्याही पाहिलेल्या असतात. जो सर्वांत जास्त जगतो, तो सर्वांत जास्त माणसांना निरोप देतो. आशीर्वादाची ही दुसरी बाजू समोर बसलेल्या आजोबांना सांगावी लागत नाही. ती नातवंडांना ठाऊक नसते, एवढेच.

कर्व्यांच्या चरित्राकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. १८ एप्रिल १८५८ रोजी जन्मलेला, कोकणातल्या मुरूडचा हा मुलगा सहावीच्या परीक्षेसाठी मित्रांसह सह्याद्री चढून सुमारे एकशे दहा मैल चालत साताऱ्याला गेला. सतरा वर्षे पूर्ण झालेली असूनही अंगापिंडाने लहान दिसतो, म्हणून परीक्षकाने त्याला बसूच दिले नाही. हा प्रसंग शाळांमधून पुष्कळदा सांगितला जातो आणि सांगावाही. पण तो सांगताना मुले टाळ्या वाजवतात ती चालण्याला. खरे धैर्य परतीच्या वाटेत होते. तेच एकशे दहा मैल, तेच घाट आणि हाती काहीही नाही.

१८९१ मध्ये त्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई वारल्या. मुलगा रघुनाथ तेव्हा लहान होता. १८९३ साली कर्व्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या गोदूबाई या विधवेशी विवाह केला. मुरूडने बहिष्कार घातला. आपल्याच गावात, आपल्याच आईच्या घरी त्यांना पूर्वीसारखे उतरता येईना. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, पुढे तो हिंगण्याच्या माळावर गेला आणि फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवून संध्याकाळी ते पुण्याहून हिंगण्याला चिखल तुडवत जाऊ लागले. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभे राहिले. सत्तरी उलटल्यावर ते विद्यापीठासाठी जगाच्या प्रवासाला निघाले, आणि ज्या वयात माणसे नातवंडांच्या मुंजीची वाट पाहतात त्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ मध्ये, त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी नवे मंडळ काढले.

कर्व्यांची श्रद्धा देवघरात बसणारी नव्हती. मिळकतीतून ठरावीक रक्कम बाजूला काढणे, दिलेला शब्द पाळणे, हाती घेतलेले काम अर्धे न सोडणे या रोजच्या आचारात ती होती. या श्रद्धेला एक कठोर बाजूही होती. कुटुंबाच्या आधारासाठी उतरवलेला पाच हजार रुपयांचा आयुर्विमा त्यांनी आश्रमाला देऊन टाकला. गोदूबाई, म्हणजे सर्वांच्या बाया कर्वे, यांना हे कसे वाटले असेल? त्यांनी आपल्या आयुष्याची हकीकत ‘माझे पुराण’ या नावाने लिहून ठेवली आहे. सासर-माहेरची, ओढाताणीची, घरात येऊन राहणाऱ्या मुलींची आणि देवासारख्या नवऱ्याबरोबर संसार करण्याच्या कष्टांची ती कहाणी वाचल्यावर ‘महर्षी’ या शब्दाचे वजन वेगळे भासू लागते. त्यांच्या सूनबाई, समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनीही सासऱ्यांविषयी आरतीच्या सुरात लिहिले नाही. आदर राखून, पण उघड्या डोळ्यांनी लिहिले. असे लिहिणाऱ्या दोन स्त्रिया ज्या घरात होत्या, त्या घराचा मोठेपणा कर्व्यांच्या मोठेपणाहून रतिभर कमी नाही. कित्येक कर्तृत्ववान पुरुषांच्या घरात असे लिहिणारे कुणी नव्हते, म्हणून तिथे केवळ तसबिरी उरल्या.

बाया १९५० मध्ये गेल्या. १९५३ च्या ऑक्टोबरमध्ये थोरले चिरंजीव रघुनाथराव गेले. संततिनियमनाचा प्रचार केल्यामुळे प्राध्यापकाची नोकरी गमावलेले आणि ‘समाजस्वास्थ्य’ मासिक अखेरपर्यंत चालवणारे तेच हे र. धों. कर्वे. वडील तेव्हा पंच्याण्णव वर्षांचे होते. विधवांच्या अश्रूंसाठी गावाचा बहिष्कार सोसणाऱ्या वडिलांचा हा मुलगा समाजाचा रोष सोसतच गेला, आणि मागे राहिले ते वडील. त्यानंतर आणखी नऊ वर्षे. शताब्दीच्या दिवशी मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर पंतप्रधान नेहरूंच्या उपस्थितीत सोहळा झाला, तेव्हा त्या शंभर वर्षांच्या वृद्धाच्या मनात कोणकोणते चेहरे आले असतील, हे कोणत्याही मानपत्रात लिहिलेले नसते.

दुसरे उदाहरण अगदी निराळ्या श्रद्धेचे. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचा जन्म १९ सप्टेंबर १८६७ रोजी सावंतवाडीजवळच्या कोलगावचा. मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात शिकलेला हा तरबेज चित्रकार. हैदराबाद आणि लाहोर येथे चित्रकार म्हणून उत्तम जम बसला असतानाच त्यांचे मन वेदांकडे वळले. वेदमंत्रांत त्यांना निर्जीव पाठांतराऐवजी स्वातंत्र्याची आणि पौरुषाची प्रेरणा दिसली. इंग्रज सरकारलाही ती दिसली असावी, कारण वैदिक प्रार्थनांवरील लेखाबद्दल सरकारने त्यांना तुरुंगात टाकले! पुढे औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने त्यांनी स्वाध्याय मंडळ चालवले, चारही वेदांच्या संहिता छापल्या आणि गीतेवर ‘पुरुषार्थबोधिनी’ ही टीका लिहिली. सूर्यनमस्काराचाही त्यांनी हिरिरीने प्रसार केला.

१९४८ च्या उलथापालथीत औंध सोडावे लागले. वय ऐंशी. सहस्रचंद्रदर्शन करून हात जोडून बसण्याचे ते वय. सातवळेकरांनी गुजरातेतल्या पारडी या गावी ग्रंथ, छापखाना आणि कुटुंब यांसह नव्याने बस्तान बसवले आणि आणखी वीस वर्षे काम केले. १९६८ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि त्याच वर्षी ३१ जुलैला, वयाच्या एकशे एकाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. त्यांचे पुत्र माधव सातवळेकर हे नामांकित चित्रकार झाले आणि पुढे महाराष्ट्राचे कलासंचालकही. वडिलांनी वेदांसाठी बाजूला ठेवलेला कुंचला मुलाने उचलला. ऋग्वेद छापणाऱ्या घरात मुलाच्या हाती पोथीच द्यायला हवी होती असे कुणी म्हणू शकेल. पण वारसा असाही चालतो.

वास्तविक येथे भारतरत्न महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्याविषयीही विस्ताराने बोलायला हवे. धर्मशास्त्राच्या इतिहासाचा त्यांचा पहिला खंड १९३० मध्ये निघाला आणि शेवटचा १९६२ मध्ये, म्हणजे त्यांच्या ब्याऐंशीव्या वर्षी. पण वेळ थोडा आहे आणि कर्नाटकात भरलेल्या मराठी सभेत एका नावाला डावलून चालणार नाही.

ते नाव दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांचे. ३१ जानेवारी १८९६ रोजी धारवाडला जन्म, घरची भाषा मराठी आणि कन्नड काव्यातले ‘वरकवी’. त्यांनी ‘अंबिकातनयदत्त’ हे टोपणनाव घेतले, त्यात वडिलांच्या नावाऐवजी आई आहे; कारण वडील लहानपणीच वारले होते आणि वाढवले ते आईने आणि आजीने. शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात, बारा वर्षे प्राध्यापकी सोलापुरात. १९७३ चे ज्ञानपीठ त्यांना कन्नड काव्यासाठी मिळाले आणि विठ्ठलाविषयी त्यांनी मराठीतही लिहिले. ज्या देवाला मराठी संत ‘कानडा’ म्हणतात, त्याच्यावर लिहायला याहून योग्य माणूस कोणता?

पण बेंद्र्यांचे घर दुःखाने भरलेले होते. अनेक अपत्ये त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. मूल हातचे जात असताना पत्नीने आपल्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेवर त्यांनी एक कविता लिहिली. कर्नाटकात शाळा शिकलेल्या कित्येकांना ती ठाऊक असते. येथेही लक्ष्मीबाईंना शब्द नाहीत, केवळ नजर आहे; पण कवीने निदान ती नजर चुकवली नाही. पंच्याऐंशी वर्षांच्या आयुष्यात, १९८१ मध्ये जाईपर्यंत, या माणसाची ईश्वरावरची श्रद्धा ढळली नाही. मात्र ती श्रद्धा स्वस्तात मिळालेली नव्हती. ‘देवाची इच्छा’ हे दोन शब्द उच्चारून मोकळे होणाऱ्यांनी ती कविता एकदा वाचून पाहावी.

बेंगळुरूतील मराठी घरांविषयी थोडेसे. शहाजीराजांना ही जहागीर १६३८ च्या सुमारास मिळाली तेव्हापासून या मातीत मराठी बोलली जाते. काही कुटुंबे त्या परंपरेतली. तर कित्येक विमान, टेलिफोन आणि घड्याळांच्या कारखान्यांत, बँकांत वा केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत नोकरीला आलेली. शेठ वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारच्या साहाय्याने १९४० मध्ये येथे विमानांचा कारखाना काढला, त्याची ही पुण्याई. त्या नोकऱ्यांतून निवृत्त झालेले अनेक गृहस्थ आज ऐंशीच्या पुढे आहेत. सकाळी संध्या किंवा हरिपाठ, नंतर कन्नड वर्तमानपत्र, मग बसथांब्यापर्यंत नातवाला पोहोचवणे. आषाढीला पंढरपूर जमले तर जमले, नाहीतर घरातल्या मूर्तीपुढे तुळशीची माळ. त्यांच्या नावाची तिकिटे निघणार नाहीत. त्यांच्याविषयी जे लिहिले जाते ते बहुधा चार ओळींच्या निधनवार्तेत: धार्मिक, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल, पश्चात अमुक मुलगे, तमुक मुली आणि नातवंडे. या ओळी खोट्या नसतात, पण त्या कुणालाही लागू पडतात.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना एक काम सोपवण्यात येत आहे. प्रत्येकाने आपल्या किंवा शेजारच्या आजोबांजवळ बसून वहीची दहा पाने लिहून आणायची. गाव कोणते, गाव का सोडले, पहिला पगार किती, या शहरात पहिले घर कुठे मिळाले आणि घरमालकाशी कोणत्या भाषेत बोलणे झाले, हे विचारायचे. गणपती कोणत्या साली बसवता आला नाही आणि का, हेही विचारायचे. कोण कोण गेले, ते मात्र त्यांनी आपणहून सांगितले तरच लिहायचे. आजोबा मध्येच गप्प झाले तर पुढचा प्रश्न विचारू नये. थोडा वेळ तसेच बसून राहावे. आणि दहांतील निदान तीन पाने आजीला विचारून लिहायची, आजोबा खोलीत नसताना. दोघांच्या हकीकती जुळल्या नाहीत तर त्या जुळवण्याच्या भानगडीत न पडता दोन्ही तशाच आणायच्या.

वह्या दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गशिक्षकांकडे द्याव्यात. ज्यांच्या घरी मोडी लिपीतली जुनी पत्रे वा जमाखर्चाच्या चोपड्या असतील त्यांनी त्या फाडू अथवा रद्दीत घालू नयेत. कापडात गुंडाळून, नाव घालून, शाळेच्या ग्रंथालयात आणून द्याव्यात.