तीन वर्षांचे रविवार

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट आपण सर्वांनीच ऐकली आहे. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत चौसष्ट घरं भरता भरता राजाचं कोठार अपुरं पडतं. त्या पटाला आणखी तीन घरं जोडा. सदुसष्ट घरांतल्या दाण्यांची बेरीज होते १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. एकवीस अंकी संख्या. आज बोलायचं आहे ते हिच्याबद्दल.

ही मूळ संख्या आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंही भाग जात नाही, असं फ्रान्समधले धर्मगुरू मर्सेन यांनी १६४४ मध्ये लिहून ठेवलं. पुरावा दिला नाही. पुढे १८७६ मध्ये एदुआर ल्युका यांनी एका वेगळ्याच कसोटीनं दाखवलं, की ती मूळ नाही. पण तिचे अवयव कोणते? ते त्यांनाही सापडले नव्हते! संख्या फुटते हे नक्की, कुठे फुटते ते ठाऊक नाही. मला तरी या साऱ्या हकिकतीत हेच सर्वांत विलक्षण वाटतं.

ऑक्टोबर १९०३. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची न्यूयॉर्कमधली बैठक. फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेले. एका बाजूला त्यांनी सदुसष्ट वेळा दोनाचा गुणाकार करून एक वजा केला. दुसऱ्या बाजूला १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७ मांडलं. दोन्ही उत्तरं एकच! एक शब्दही न बोलता ते जागेवर जाऊन बसले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. किती वेळ लागला, या प्रश्नाला त्यांचं उत्तर होतं, ‘तीन वर्षांचे रविवार’. ही आठवण एरिक टेंपल बेल यांची. किस्से रंगवून सांगायची त्यांना हौस होती, म्हणून थोडं मीठमसाल्याचं समजा. गुणाकार मात्र चोख आहे.

रविवार एवढे का लागले? या संख्येच्या कोणत्याही अवयवाला १३४ नं भागलं, तर बाकी एकच उरते. म्हणजे तपासायच्या संख्या १३५, २६९, ४०३ अशा. आणखी एका नियमानं त्यातल्या निम्म्या गळतात. तरीही कोल यांचा लहान अवयव या रांगेत १४,४५,५८० वा आहे! एकेक तपासत न बसता त्यांनी याहून बारीक चाळण्या लावल्या, पण सगळं कागद-पेन्सिलीवर.

गुणाकार सोपा, अवयव पाडणं महाकठीण. याच विषमतेवर पुढे इंटरनेटवरच्या व्यवहारांची गुप्तता उभी राहिली, सहाशेहून अधिक अंकी संख्या घेऊन. कोल यांच्या नावाचं पारितोषिकही आहे. २०११ मध्ये संख्या सिद्धांतासाठी ते मिळालेल्या दोघांपैकी एक मुंबईत जन्मलेले चंद्रशेखर खरे.

हे भाषण लिहिताना तो गुणाकार मी हातानं करून पाहिला. दोनदा हातचा चुकला. तिसऱ्या खेपेला, अर्ध्या तासानं, शेवटचे अंक ९२७ आले आणि चहा गार झाला होता.