फवारणीचा पंप आणि ढालकिडा

(चितेगाव येथे कामगार व शेतमजूर कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



परसातल्या वालाच्या वेलावर काळा मावा दिसला की दुकानातून बाटली आणावयाची, ही सवय आता इतकी अंगवळणी पडली आहे की, ज्याला सारे ‘औषध’ म्हणतात ते विष आहे, याचे भान उरलेले नाही. छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे चितेगाव एका अंगाने कारखान्यांचे, तर दुसऱ्या अंगाने कापूस-मोसंबीच्या शिवाराचे. पाळी करून आलेला कामगार सुटीच्या दिवशी शेतकरी होतो आणि खोलीमागच्या चार वाफ्यांवरही शेतातलाच पंप फिरवतो. तेव्हा परसबागेतील एका किड्याविषयी या सभेत बोलणे अप्रस्तुत ठरू नये.

हा किडा म्हणजे ढालकिडा. कृषी खात्याच्या पत्रकांत त्याला लेडीबर्ड बीटल किंवा चित्रांग भुंगेरा असेही म्हणतात. मसुराएवढा, पाठ फुगीर, लाल-नारिंगी रंगावर काळे ठिपके किंवा नागमोडी पट्टे. मुले त्याला हातावर चालवतात, म्हणून तो ओळखीचा. त्याची अळी मात्र कोणाच्याच ओळखीची नाही. राखाडी-काळी, नारिंगी डागांची, सुसरीच्या पिलासारखी दिसणारी ही अळी पानावर आढळली की हीच कीड समजून चिरडली जाते. वस्तुतः मावा खाण्याचे मोठे काम तीच करते. पूर्ण वाढ होईपर्यंत एकेक अळी शेकडो मावा फस्त करते. पानाच्या मागे उभ्या रचलेल्या पिवळ्या अंड्यांचे पुंजकेही असेच पुसून टाकले जातात. जास्वंदीवरील पिठ्या ढेकूण खाणाऱ्या ढालकिड्याच्या अळीवर तर पांढऱ्या मेणाचे झुपके असतात. ती पिठ्या ढेकणासारखीच दिसते आणि त्याच्याबरोबरच मारली जाते.

सगळेच ढालकिडे मित्र असतात, असेही नाही. वांग्याच्या पानाची जाळी करणारा अठ्ठावीस ठिपक्यांचा भुंगेरा याच कुळातला. त्याची पाठ चकचकीत नसते, अळी पिवळी व काटेरी असते. तो दिसल्यास हाताने वेचून काढावा. वेलावर मुंग्यांची रांग असेल तर तिचाही बंदोबस्त करावा. कारण माव्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि ढालकिड्याला हुसकावतात. ही मुकादमी मोडल्याखेरीज ढालकिड्याला काम करता येत नाही.

आता मुख्य प्रश्न. फवारणीने मावा मरतो, हे खरे. पण पुढे काय होते? माव्याच्या मादीला बहुधा नराचीही गरज लागत नाही. ती थेट पिलांना जन्म देते आणि आठवडा-दीड आठवड्यात ती पिले वेताला येतात. ढालकिड्याला अंड्यापासून भुंगेरा होण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. म्हणजे दोघेही मेले तर परत येण्याच्या शर्यतीत मावाच जिंकतो. मग दुसरी फवारणी, तिसरी फवारणी, आणि दुकानदाराच्या वहीत उधारी. फुकट राबणारा मित्र मारून विकतचा गुलाम व्हायचे, असा हा व्यवहार आहे.

हे काही तर्काचे खेळ नव्हेत. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील संत्र्या-लिंबाच्या बागा एका खवले किडीने उजाड होऊ लागल्या, तेव्हा 1888-89 मध्ये ऑस्ट्रेलियातून रोडोलिया नावाचा ढालकिडा आणला गेला. बागाईतदार तो डब्यांतून घरी नेत आणि आपल्या झाडांवर सोडत. थोड्याच काळात कीड आटोक्यात आली. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच बागांत डीडीटी फवारले गेले, ढालकिडा मेला, आणि मेली असे समजलेली कीड परत आली.

महाराष्ट्राचा अनुभव त्याहून जवळचा. 2002 साली सांगली भागात उसावर लोकरी मावा आला आणि पाहता पाहता महाराष्ट्र-कर्नाटकातील उसाच्या पट्ट्यात पसरला. पुरुषभर उंचीच्या उसात पंप घेऊन शिरणेच कठीण. अखेर त्याला आवरले ते प्रामुख्याने डिफा नावाच्या पतंगाच्या अळीने, मायक्रोमस या किड्याने आणि एका बारीक गांधीलमाशीने. हे तिघेही ढालकिड्याचे भाऊबंद नसले, तरी सहकारी त्याचेच. डिफाच्या अळ्या असलेली पाने एका फडातून दुसऱ्या फडात नेऊन बांधली गेली. शेजाऱ्याच्या रानातला मित्रकीटक आपल्या रानात आणायचा, तर शेजाऱ्याशी बोलावेच लागते.

या व्यवहाराची खरी किंमत मात्र पैशात मोजता येत नाही. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात पडले. त्यावर पहिली चर्चा झाली ती मजुरांनी हातमोजे-मुखपट्टी वापरली नाही याची. भर उन्हात, डोक्यावर गेलेल्या कापसात, रोजंदारीवर पंप वाहणाऱ्याला ती कोणी दिली होती, याची नव्हे. 1984 च्या डिसेंबरात भोपाळमध्ये ज्या कारखान्यातून वायू सुटला, तेथेही कार्बारिल हे कीटकनाशकच तयार होत होते. कारखान्यातला कामगार आणि पंपाखालचा मजूर एकाच विषाच्या दोन टोकांना उभे आहेत.

एकट्या घराने बाटली सोडल्याने मात्र फारसे साधत नाही. ढालकिडा बांध ओळखत नाही. आज याच्या वालावर, उद्या त्याच्या कापसावर. शेजारच्या वाफ्यात फवारा झाला की इकडचेही राखलेले गेले. म्हणून हा निर्णय गल्लीने, वस्तीने, शिवाराने मिळून घ्यावयाचा आहे. परसात प्रथम पाण्याच्या धारेने मावा धुवावा, फार झाल्यास पाच टक्के निंबोळी अर्क, तोही अळ्या-अंडी नसलेल्या फांद्यांपुरताच. कापसाभोवती चवळी-मक्याच्या ओळी लावाव्यात. त्यांवरील माव्यावर ढालकिडे पोसले जातात आणि मग कापसाकडे वळतात.

रब्बीत करडईवर मावा येतो आणि त्यापाठोपाठ ढालकिडेही. कोणाच्या शेतातल्या कोणत्या ओळी फवारणीवाचून राखायच्या, हे पेरणीपूर्वी, गावच्या बैठकीत, पंप भाड्याने देणाऱ्यांनाही बोलावून ठरवावे.