पिंप केव्हा उचललं?
(टाकाऊ प्राणिज चरबीपासून तेल या विषयावरील परिषद, कोल्हापूर : स्वागताध्यक्षीय भाषण)

परिषदेचे अध्यक्ष, उद्घाटक, संशोधक, कारखानदार आणि पहिल्या रांगेत मुद्दाम बसवलेल्या आमच्या खाटीक व चिकन सेंटरवाल्या बंधू-भगिनींनो,

जनावराच्या टाकाऊ भागाचं मोल करवीरनगरीला नव्यानं सांगायला नको. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेल्या कातड्यानं कोल्हापूरचं नाव जगभर नेलं. 2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकनही मिळालं. चरबीच्या वाट्याला मात्र तो मान आला नाही. तांबड्या रश्श्यावरचा कट आम्ही पाहुण्याला आग्रहानं वाढतो आणि खाटकाच्या दुकानामागचं चरबीचं पिंप दिसलं की नाकाला रुमाल लावतो.

माझं आयुष्य त्याच पिंपाच्या धंद्यात गेलं. रविवारी दुपारी पिंपात पडलेली कोंबडीची चरबी पिवळीधमक असते. तीच सोमवारी संध्याकाळी तपकिरी आणि आंबूस होते. कढईत दोन्ही वितळतात, तेलही दोन्हींचं निघतं. फरक कळतो तो पुढं. बायोडिझेल करताना या तेलात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा घालतात. बायोडिझेल वर राहतं, ग्लिसरीन तळाशी बसतं. शिळ्या चरबीत आम्ल वाढलेलं असतं. ते कॉस्टिकला भेटलं की टाकीत साबण होतो आणि थर सुटता सुटत नाहीत. माझी पहिली अख्खी बॅच अशीच फेसात गेली. आम्ल आधी कमी करता येतं, पण त्याला एक टप्पा जादा, मिथेनॉल जादा आणि पैसाही जादा. थोडक्यात, डिझेल होणार की साबण, हे पिंप उचलायला लागलेले तास ठरवतात.

तंत्र आपल्याकडे आहे. केरळात वायनाडमधल्या पूकोडच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. जॉन अब्राहम यांना कोंबडीच्या टाकाऊ भागापासून केलेल्या बायोडिझेलचं पेटंट 2021 साली मिळालं. केंद्राच्या 2018च्या जैवइंधन धोरणानंही प्राण्यांच्या चरबीला बायोडिझेलचा कच्चा माल मानलं आहे. पण नुसत्या तंत्रावर कारखाना चालत नाही. अमेरिकेत मिसुरीतल्या कार्थेज गावी टर्कीच्या आतड्या-पिसांपासून तेल काढणारा कारखाना उभा राहिला. तेल निघतही होतं. पण दुर्गंधीच्या तक्रारींमुळे 2005 साली तो काही काळ बंद ठेवावा लागला, फुकट मिळेल म्हणून धरलेला कच्चा माल विकत घ्यावा लागला आणि 2009 साली कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली.

म्हणून विनंती एकच. या दोन दिवसांत यंत्रांवर जरूर बोला. पण पिंप किती तासांत उचलायचं, दुकानातच चरबी वेगळी कोणी काढायची आणि त्यासाठी खाटकाला किलोमागं काय द्यायचं, हे ठरल्याशिवाय उठू नका. व्यवस्थेत काही उणं राहिलं, तर सांभाळून घ्या. पहिल्या रांगेतल्या मंडळींना मात्र रिकाम्या हातानं परत पाठवू नका.