छतावरची वीज आणि साठवणुकीचा प्रश्न
(अभ्यासवर्गातील भाषण)



सूर्य तळपतो दुपारी. श्रमिकांच्या घराला विजेची खरी निकड भासते ती सायंकाळी. छतावरच्या सौर विजेचा मूलभूत अंतर्विरोध तो हाच. एक किलोवॅटचा संच दिवसाकाठी सुमारे ४ युनिट वीज देतो. म्हणजे ३ किलोवॅटच्या घरात १२ युनिट तयार होतात. पैकी बरीचशी दुपारी उरतात आणि ग्रिडमध्ये जातात.

अशी घरे थोडी असतात तोवर ही वीज शेजारीच खपते. एकाच रोहित्रावर ती वाढली की विजेचा दाब चढतो, संच आपोआप बंद पडतात आणि वीज वाया जाते. सूर्यास्तानंतर मात्र इतर केंद्रांना अल्पावधीत उत्पादन वाढवावे लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने १ कोटी घरांच्या छतांसाठी योजना जाहीर केल्यापासून हा प्रश्न अधिकच निकडीचा झाला आहे.

यावर उपाय साठवणुकीचा. सह्याद्रीतील घाटघरचा २५० मेगावॅटचा प्रकल्प खालच्या जलाशयातील पाणी वर चढवतो आणि मागणीच्या वेळी ते सोडून वीज निर्माण करतो. दिल्लीत किलोकरी उपकेंद्रात २०२५ मध्ये २० मेगावॅटची बॅटरी सुरू झाली. तिची क्षमता ४०,००० युनिटांची आहे. प्रत्येक घराची ६ युनिटे शिल्लक धरली, तर साडेसहा हजारांहून अधिक घरांची दुपारची वीज तीत मावेल. साठवणुकीत काही वीज खर्ची पडते, हे अर्थात हिशेबात धरले पाहिजे.

परंतु हा खर्च कोणी सोसावयाचा? नेट मीटरिंगमध्ये दुपारी दिलेले युनिट रात्रीच्या युनिटातून वजा होते. जणू ग्रिड म्हणजे फुकटची टाकीच! वस्तुतः रात्रीची वीज अन्यत्रून आणावी लागते. तिचा बोजा दरांवाटे ज्याच्या मालकीचे छतच नाही अशा भाडेकरूवर आणि झोपडपट्टीतील कामगारावरही पडतो.

म्हणून घरोघरी खाजगी बॅटऱ्या बसवण्यापेक्षा रोहित्रापाशी व उपकेंद्रात सामायिक साठवण उभारणे श्रेयस्कर. सर्व घरांची मागणी एकाच क्षणी शिखरास पोहोचत नाही; त्यामुळे कमी क्षमतेत अधिक घरांची सोय होते. २०२३ मध्ये केंद्राने ४,००० मेगावॅट-तासांच्या बॅटरी साठवणुकीसाठी अर्थसाहाय्य मंजूर केले आणि त्यातील किमान ८५ टक्के क्षमता वितरण कंपन्यांना मिळावी, अशी अट घातली. त्या साठवणुकीचा लाभ छत नसलेल्यापर्यंत पोहोचतो की नाही, यावर जनतेचा पहारा हवा. ऊन सर्वांचे आहे. त्याची साठवणही सर्वांची असली पाहिजे.